भिंत का पडते? किल्लारीपासून आपल्या विहाराच्या पायापर्यंत

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांतील माणसे रात्री उशिरा झोपी गेली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि काही सेकंदांत किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी अशी गावेच्या गावे दगडमातीचे ढिगारे होऊन बसली. सुमारे 8,000 माणसे गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. या भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर 6.2 ते 6.4 इतकी होती.

हा आकडा लक्षात ठेवून आता दुसरीकडे पाहू. किल्लारीच्या चारच वर्षे आधी, 17 ऑक्टोबर 1989 रोजी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या कित्येक पट होती, शिवाय तो सॅनफ्रान्सिस्कोसारख्या दाट वस्तीच्या शहराच्या परिसरात झाला. तेथे 63 माणसे दगावली. आपला भूकंप पहाटे झोपेत आला आणि त्यांचा सायंकाळी 5 वाजता, हा फरक खरा आहे व तो मान्य केलाच पाहिजे. परंतु 63 आणि 8,000 यांमधले अंतर एवढ्यावरून भरून निघत नाही. एवढा मोठा फरक का पडला, याचे उत्तर आकाशात शोधण्याचे कारण नाही. ते भिंतीत आहे, छपरात आहे आणि पायाखालच्या मातीत आहे. या लेखात तेच समजावून घेण्याचा प्रयत्न आहे. मी अभियंता नाही, बँकेत कारकुनी करतो. परंतु आपली संस्था विहार बांधायला निघाली आहे आणि आपल्यापैकी अनेकजण खोलीवर खोली चढवीत आहेत. अशा वेळी हा विषय केवळ अभियंत्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

भूकंप झाला की 'पाप वाढले' असे म्हणणारे सगळीकडे निघतात. किल्लारीच्या वेळीही ते निघाले. याबाबतचे सर्वांत गाजलेले उदाहरण 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपाचे आहे. त्यात 10,000 च्या वर माणसे मेली. हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता हे पाप होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण दंडच द्यायचा होता तर त्याच ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही का मेले, हा साधा प्रश्न उरतोच. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला भूकंपाची आठ कारणे सांगतात. त्यातील पहिले कारण असे की पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात आधारलेला आहे. मोठा वारा सुटला की पाणी हलते आणि पाणी हलले की पृथ्वी हलते. आजच्या भूगर्भशास्त्राला हे मान्य होणार नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या मांडणीची रीत पाहण्यासारखी आहे. एक हलले म्हणून दुसरे हलले, अशी ती कारणांची साखळी आहे. अलौकिकावर विश्वास ठेवणे हा धम्म नव्हे, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. तेव्हा आपणही कारणांच्याच मार्गाने जाऊ.

आपला भारतीय भूखंड दरवर्षी सुमारे 5 सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि आशिया खंडाला रेटतो. हा रेटा हिमालयात जास्त जाणवतो, पण त्याचा ताण दख्खनच्या खडकातही साठत राहतो. खडकात जुनी भेग असली आणि ताण तिच्या सहनशक्तीपलीकडे गेला की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून झटक्याने घसरतात. त्यातून लहरी निघतात. जमिनीत जी हालचाल होते ती एवढीच. किल्लारीत ही घसरण पृष्ठभागाच्या बरीच जवळ झाली, म्हणून वरची हानी अधिक झाली.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रात रिश्टरचा जो आकडा येतो तो भूकंपाच्या मुळाशी किती ऊर्जा सुटली ते सांगतो. तुमच्या दारात जमीन किती हलली, ते तो सांगत नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीतील स्पीकरचे उदाहरण घ्या. स्पीकर किती वॅटचा हा आकडा एकच असतो. पण रस्त्यावरच्या घरात कान बधिर होतात आणि दोन गल्ल्या पलीकडे नुसती गुणगुण ऐकू येते. आणखी एक गोष्ट तुम्ही अनुभवली असेल. एखादा विशिष्ट खर्जाचा ठोका पडला की एकाच खिडकीची काच थरथरते, शेजारची मुळीच हलत नाही. ठोका तोच, अंतर तेच, मग असे का? त्या काचेचा स्वतःचा कंपनाचा एक ठेका असतो आणि तो त्या ठोक्याशी जुळतो, म्हणून. हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पुढे इमारतींच्या बाबतीत ते उपयोगी पडणार आहे.

आता घर पडते कसे? एस.टी. बसमध्ये उभा असलेला माणूस आठवा. बस एकदम सुरू झाली की पाय बसबरोबर पुढे जातात आणि धड मागे राहते. त्याच्या डोक्यावर बोचके असेल तर तो हमखास पडतो. घराचेही तसेच. जमीन पायाला घेऊन एका बाजूला सरकते, छप्पर आपल्या जागी राहू पाहते, आणि या ओढाताणीत मधली भिंत सापडते. छप्पर जितके जड तितकी ही ओढ मोठी. एरवी घर उभे असते ते वरून खाली येणारे वजन पेलत. आडवी ओढ त्याला रोजच्या जीवनात माहीतच नसते. म्हणून शंभर वर्षे उभ्या असलेल्या वाड्याबद्दल 'किती मजबूत आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्याची अर्धीच परीक्षा झालेली असते.

मराठवाड्यातील माळवदाचे घर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. अनेकांचे बालपण त्यातच गेले आहे. लाकडी तुळयांवर किलचा किंवा फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पण पावसाळ्याच्या तोंडावर गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकण्याची रीत असते, आणि जुनी माती काढण्याचे कष्ट कोणी घेत नाही. अशा रीतीने थर वाढत जातो. मी सहज हिशेब करून पाहिला. खोली 10 बाय 12 फुटांची, म्हणजे 120 चौरस फूट. मातीचा थर दीड फुटाचा धरला तर 180 घनफूट माती. एका घनफुटाला 45 किलो धरले तरी 8,100 किलो होतात. आठ टन, एका खोलीवर! जमिनीचा धक्का वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका धरला तर भिंतींना दीड टनाहून अधिक आडवा रेटा सोसावा लागणार. तेवढ्याच खोलीवर पत्रे घातले तर लाकडासकट दोनशे किलोसुद्धा होणार नाहीत.

आता ज्या भिंतीने हा रेटा सोसायचा ती पाहा. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत बघून आपल्याला धीर वाटतो. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मध्ये दगडगोटे, कपच्या व चिखल. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार लांब दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो खर्चाच्या किंवा घाईच्या कारणाने घातलेला नसतो. दगडही गोल, घडण न केलेले, आणि त्यांना धरून ठेवणारा चिखल वाळल्यावर भुसभुशीत झालेला. धक्का बसला की बाहेरचा पदर बाहेर फुगतो, आतला आत येतो आणि मधला माल खाली बसून दोघांना आणखी दूर सारतो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतील तर त्या तेथेच उभ्या फाटतात. मग माळवद सरळ खाली येते. किल्लारीत झोपलेल्या माणसांवर दगड पडले, आणि त्यावर माती पडली. कित्येकांचा जीव मातीत गुदमरून गेला. काही घरांत माळवद भिंतीवर न ठेवता लाकडी खांबांवर टेकवलेले होते. तेथे भिंत ढासळूनही छप्पर वर राहिले आणि आतील माणसे वाचली.

आणि गावाच्या कडेच्या कुडाच्या झोपड्या? गवताने शाकारलेली, तट्ट्याच्या भिंतींची ती घरे त्याच धक्क्यात पुष्कळ ठिकाणी उभी राहिली. पडली तरी माणूस त्यातून बाहेर निघू शकला. ज्या घरांत राहणे हे गरिबीचे लक्षण समजले जात होते त्यांनी जीव वाचविले आणि प्रतिष्ठेच्या दगडी घरांनी घेतले. याचा अर्थ गरिबी बरी असा कोणी काढू नये. आपल्या समाजातीलही ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन दगडमातीचे घर बांधले होते ते त्या घराखाली गेलेच. प्रश्न जातीचा नव्हता, वजनाचा आणि सांध्याचा होता. जातीचा आणि जमिनीचा प्रश्न नंतर आला, पुनर्वसनाच्या वेळी. नव्या गावांत भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फुटांचे, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना 400 चौरस फुटांचे आणि 7 हेक्टरांच्या वर जमीन असणाऱ्यांना 750 चौरस फुटांचे घर देण्यात आले. भूकंपाने सर्वांना एका पातळीवर आणले होते. सरकारी कोष्टकाने त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर बसविले. असो.

या पुनर्वसनातील एक गोष्ट मात्र फार मोलाची होती. ज्या हजारो घरांना तडे गेले पण जी उभी राहिली, त्यांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले आणि त्यासाठी गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. मजबुतीकरण म्हणजे काय तर भिंतीला भोके पाडून त्यात सळई व काँक्रीट भरून आरपार सांधा तयार करायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची आणि घराला पट्टा बांधायचा. हा पट्टा समजून घेण्यासारखा आहे. लाकडी पिपाच्या फळ्या सुट्या असतात, त्यांना लोखंडी कडे ठोकले की पीप होते. तसाच जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्याला म्हणजे लिंटेलच्या पातळीला, आणि छताखाली सळई घातलेल्या काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून अखंड फिरवायचा. मग चार भिंती चार दिशांना पळू शकत नाहीत. त्यांना एकत्रच हलावे लागते. यातही लिंटेलचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे गवंडी दारावर तेवढा लिंटेल टाकतो आणि थांबतो. तोच पुढे नेऊन सर्व भिंतींवरून फिरविला तर खर्च थोडा वाढतो, घर मात्र वेगळेच होते.

हे ज्ञान नवे होते काय? मुळीच नाही. 1931 साली बलुचिस्तानात भूकंप झाल्यानंतर एस. एल. कुमार या भारतीय रेल्वे अभियंत्याने क्वेट्टा येथे रेल्वेची घरे भूकंपाचा विचार करून बांधली. 31 मे 1935 रोजी क्वेट्टा शहर भूकंपात जमीनदोस्त झाले, 30,000 हून अधिक माणसे मेली, आणि ही घरे टिकली. आपल्या देशाची भूकंपविषयक बांधकाम संहिता 1962 साली निघाली. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तेथेही दगडी, चिखलात रचलेली घरेच पडली आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. म्हणजे आपल्याच राज्यात 26 वर्षे आधी हा धडा देऊन झाला होता. तो मराठवाड्यात पोहोचला नाही, कारण त्यावेळच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. 2002 साली नकाशा सुधारला तेव्हा तो वरच्या पट्ट्यात गेला.

येथवर घराचे झाले. आता जमिनीकडे वळू. एकाच भूकंपात एक मोहल्ला पडतो आणि दुसरा राहतो, याचे कारण बहुधा जमिनीत सापडते. याचे उदाहरण मेक्सिकोचे आहे. 19 सप्टेंबर 1985 रोजी त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ 8 तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी तेथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. इतक्या अंतरावर धक्का विरून जायला हवा होता, आणि शहराच्या ज्या भागात टणक खडक आहे तेथे तो विरलाही होता. तेथील यंत्राने वजनाच्या तीन-चार टक्के इतकाच धक्का नोंदविला. पण शहराचा मध्यभाग एका बुजलेल्या जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेला आहे. तेथे तोच धक्का 17 टक्के झाला. वाटीतल्या खरवसासारखा तो गाळ डोलू लागला आणि त्याचा एक हेलकावा साधारण 2 सेकंदांचा होता. इमारतींनाही आपला ठेका असतो. ढोबळ मानाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरावा, म्हणजे दुमजली घर झटपट थरथरते आणि दहा मजली इमारत 1 सेकंदात एक हेलकावा घेते. तडे गेले की इमारत ढिली होते आणि हेलकावा आणखी लांबतो. अशा रीतीने 6 ते 15 मजल्यांच्या इमारतींचा ठेका गाळाच्या ठेक्याच्या जवळ गेला आणि त्याच सर्वाधिक कोसळल्या. त्यांच्या शेजारची बैठी घरे आणि 44 मजल्यांचा एक मनोरा मात्र उभा राहिला. मिरवणुकीतली खिडकीची काच ती हीच.

याउलट आपली बैठी व दुमजली घरे टणक जमिनीवरच्या झटपट थरथरीला अधिक बळी पडू शकतात. तेव्हा 'खडकावर आहे, काही होत नाही' असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु भराव टाकलेली, नीट न दाबलेली जागा ही कोणत्याही घराला वाईटच. तिचा एक भाग जास्त खचतो, दुसरा कमी, आणि पाया तिरपा होतो. नदीकाठच्या वाळूत तर आणखी एक प्रकार घडतो. जमिनीत पाणी वर असेल तर हादऱ्यांनी वाळूच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि काही काळ ती वाळू पातळ चिखलासारखी वागते. 1934 च्या बिहार भूकंपात उत्तर बिहारच्या फार मोठ्या पट्ट्यात जमिनीतून वाळू व पाणी उसळले आणि घरे तुटण्याऐवजी तिरपी होऊन आत रुतली.

जमीन आणि इमारत या दोहोंचे दोष एकत्र आले की काय होते ते 26 जानेवारी 2001 रोजी अहमदाबादने पाहिले. भूकंप कच्छमध्ये, तीव्रता 7.7. गुजरातेत सर्व मिळून 13,800 हून अधिक माणसे गेली. अहमदाबाद तेथून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर, तरीही शहरात 70 च्या आसपास बहुमजली इमारती पडल्या. त्या दगडमातीच्या नव्हत्या. सिमेंट काँक्रीटच्या, आर.सी.सी.च्या होत्या आणि बऱ्याचशा अलीकडे बांधलेल्या होत्या. खाली साबरमतीच्या गाळाचा खोल थर. पण मुख्य दोष तळमजल्याचा. वाहने ठेवण्यासाठी तळमजला मोकळा सोडलेला, नुसत्या खांबांवर उभा, आणि वरचे सर्व मजले विटांच्या भिंतींनी भरलेले. वरचा भाग भिंतींमुळे एखाद्या पेटीसारखा घट्ट होतो आणि सगळा आडवा रेटा खालच्या खांबांवर येतो. मंडपाच्या चार बांबूंवर लोखंडी कपाट ठेवून मंडप हलवावा, तसेच हे झाले. खांब माथ्याशी व पायथ्याशी मोडले आणि कित्येक इमारतींचा पहिला मजला अखंडच्या अखंड जमिनीवर येऊन बसला. 2002 च्या संहितेत अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीच पट बल धरून आखावेत अशी तरतूद आली.

आपल्या वस्त्यांत काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. साडेचार इंची विटेच्या भिंतीवर पत्र्याची खोली असते. मुलाचे लग्न ठरते, पत्रा काढून स्लॅब टाकला जातो, पुढे त्यावर आणखी एक खोली. जागा कमी म्हणून वरचा मजला गल्लीवर अडीच फूट बाहेर काढतात. दर्शनी भिंत काढून दुकानाचे शटर बसवितात. सर्वांत वर पाण्याची काळी टाकी. 1,000 लिटरची टाकी भरली की एक टन वजन माथ्यावर आले. ही कोणाची चैन नाही, हे मी जाणतो. माणसे वाढतात आणि जागा वाढत नाही. परंतु कर्जाच्या कागदांत नकाशा एक मजल्याचा आणि जागेवर तीन मजले, असे प्रकार रोज पाहिल्यावर एवढे सांगावेसे वाटते की दंड भरून बांधकाम नियमित होते, मजबूत होत नाही. तुर्कस्तानने 2018 साली रक्कम भरून घेऊन असंख्य बेकायदा बांधकामे कायदेशीर केली. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तेथे 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्या देशात 53,000 हून अधिक माणसे मेली. खोली वाढवायचीच असेल तर निदान वर हलके छप्पर ठेवावे, लिंटेलला अखंड पट्टा फिरवावा, कोपऱ्यापासून दीड-दोन फुटांच्या आत दार-खिडकी काढू नये आणि टाकी शक्य तर जमिनीवर घ्यावी. यातील कशालाही फार पैसे लागत नाहीत.

आता आपल्या नियोजित विहाराबद्दल, कारण हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. आपल्याला मिळालेली जागा जुन्या नाल्याच्या काठची आहे. निम्म्या भागात काळी माती व निम्म्या भागात शहराचा राडारोडा टाकून केलेला भराव आहे. आराखड्यात तळमजल्यावर वर्षावासाच्या कार्यक्रमांसाठी मोठे सभागृह असून मध्ये भिंत नाही, समोरच्या बाजूला पूर्ण लांबीची शटरे आहेत. पहिल्या मजल्यावर अभ्यासिका व वाचनालय, दुसऱ्यावर भिक्खू निवास आणि मुलींसाठी खोल्या. गच्चीवर टाक्या आणि सर्वांत वर काँक्रीटचा घुमट. अहमदाबादचे वर्णन वाचल्यावर हा आराखडा कसा दिसतो ते सांगण्याची गरज नाही. खाली मोकळे, वर भरलेले आणि माथ्यावर वजन. सभागृह रिकामे असेल तेव्हाही वर आपल्या मुली झोपलेल्या असणार.

घुमटाबद्दल भावना आहे आणि ती रास्त आहे. दीक्षाभूमीचा स्तूप पाहिलेल्या प्रत्येकाला आपल्याही विहारावर तसा घुमट असावा असे वाटते. परंतु सांचीचा स्तूप आठवून पाहा. तो भरीव आहे, जमिनीवर बसलेला आहे, खाली रुंद व वर निमुळता आहे. भूकंपाच्या दृष्टीने तो आकार अत्यंत शहाणा म्हटला पाहिजे. तोच आकार काँक्रीटमध्ये ओतून तीन मजल्यांच्या खांबांवर ठेवला की नेमके उलटे होते. घुमट हवाच तर तो फेरोसिमेंटचा, म्हणजे बारीक जाळीवर पातळ थर देऊन केलेला असावा. दुरून कोणाला फरक कळणार नाही.

सभागृह मोकळे हवे हेही खरे. त्यासाठी भिंती मध्ये घालायला नकोत. चारी कोपऱ्यांत, दोन्ही दिशांना, चार-पाच फूट लांबीच्या काँक्रीटच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत सरळ वर नेल्या तर आडवा रेटा त्या घेतात व खांबांवरचा भार उतरतो. मात्र त्या दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. सध्याच्या आराखड्यात जिना व त्याच्या भिंती एकाच टोकाला आहेत. अशा इमारतीचे एक टोक घट्ट आणि दुसरे ढिले राहते, आणि धक्क्यात ती पिळवटली जाते. या भिंतींची जाडी, सळई, पाया हे सर्व अर्थात संरचना अभियंत्याने ठरवायचे आहे. आर्किटेक्टने काढलेला नकाशा आणि संरचना अभियंत्याने केलेले गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे आज फक्त पहिली आहे. त्याआधी माती परीक्षण हवे. जागेच्या दोन्ही भागांत चाचणी खड्डे घेऊन मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते पाहिल्याशिवाय पाया ठरवू नये. अर्धा पाया खडकावर आणि अर्धा राडारोड्यावर असे तर कदापि होऊ नये.

पैशाचा प्रश्न निघेल. निधी आपल्याच लोकांच्या एकेका दिवसाच्या पगारातून जमला आहे. परंतु अंदाजपत्रकात दर्शनी भागाला ग्रॅनाइट आणि सभागृहाला संगमरवरी फरशी धरलेली आहे आणि माती परीक्षणासाठी एक रुपयाही नाही. फरशी पाच वर्षांनीही बसविता येईल. पाया पाच वर्षांनी बदलता येणार नाही.

काम सुरू झाल्यावर देखरेखीसाठी समिती नेमली जाईलच. तिच्यातील सभासदांनी तीन-चार गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. त्याला पदवी लागत नाही. खांबाच्या उभ्या सळयांना जी आडवी रिंग घालतात तिची दोन्ही टोके आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे आकड्यासारखी वळवलेली असावीत. नुसती काटकोनात दुमडलेली रिंग धक्क्यात उघडते व सळया बाहेर फुगतात. खांबाच्या माथ्याशी व पायथ्याशी या रिंगा चार इंचांहून दूर नसाव्यात, कारण खांब मोडतो तो तेथेच. सर्व सळयांचे जोड एकाच पातळीवर आणि तेही स्लॅबला लागून देण्याची मिस्त्रींची सवय असते. तिला हरकत घ्यावी. काँक्रीट सैल व्हावे म्हणून मजूर वरून बादलीने पाणी ओततात, ते ओतू देऊ नये. प्रत्येक टप्प्याला काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवावेत आणि 28 दिवसांनी तपासून घ्यावेत. आणि खांबांचे लाकूडकाम बंद करण्याआधी एका सभासदाने रिंगा मोजून वहीत सही करावी.

आराखड्याची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. रविवारच्या वंदनेनंतर ती कोणालाही पाहता येईल. सूचना लेखी द्याव्यात. पुढील सर्वसाधारण सभेत माती परीक्षण व संरचना अभियंत्याच्या नेमणुकीचा ठराव मी मांडणार आहे. त्याला अनुमोदक हवा आहे.